धुळ्यात बसवलेली जुनी काच

थंडीत खानदेशात जायचं ते भरीत खायला, एवढं मीनलचं आणि माझं वर्षभर ठरलेलं होतं. पुण्याहून निघालो, जळगावात पोचलो, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी दोन दिवस चापली, रावेरकडच्या केळीच्या बागा पाहिल्या. पोट खुशीत, मी खुशीत.

परतताना पारोळ्याच्या पुढे एका डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरच्या काचेवर क्षणात जाळं पसरलं. आम्हाला काही लागलं नाही. आमची गाडी म्हातारी, म्हणून मी विमा फक्त थर्ड पार्टीचा घेतलेला. त्यात आपली काच येत नाही. मीनलने निघण्याआधी विचारलंही होतं, आणि मी "काय होतंय?" म्हणालो होतो.

वाकून, फटीतून बघत धुळ्यापर्यंत आलो. ज्यांच्याकडे असा विमा आहे त्यांच्यासाठी सांगतो: अस्सल काच बसवून सात-साडेसात हजार, दुसऱ्या कंपनीची साडेचार, आणि भंगारातल्या गाडीची, बसवण्यासकट, दोन. आमच्या गाडीला अस्सल काच म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी जुनी घेतली. काचवाले नाना म्हणाले, काच चिकटवायचा लेप सुकेपर्यंत गाडी धुऊ नका, आज इथेच मुक्काम करा. बसस्टँडजवळ लॉज मिळालं, शेवभाजी फर्मास होती. मी पाच हजार वाचवल्याच्या आनंदात झोपलो.

धुळ्याची थंडी काय असते ते सकाळी कळलं. गाडीत बसलो, दारं लावली आणि आमच्या श्वासांनी काच आतून धुरकट झाली. मीनलसमोरच्या भागात एक पंजा उमटला. लहान मुलाचा, पाचही बोटं फाकलेली. मी फडक्याने पुसला. काच पुन्हा धुरकटली, पंजा पुन्हा तिथेच. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मीनल खाली उतरली. "ही काच कोणाची आहे ते कळल्याशिवाय मी पुण्यापर्यंत या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली.

गाडी परत नानांकडे नेली. त्यांनी पंजा पाहिला आणि ते टपरीबाहेरच्या बाकावर बसले. त्यांनी सांगितलं ते असं. तिकडे नवी गाडी आली की घरातल्या लेकीचा तेल-हळदीचा हात गाडीवर उठवतात. बाहेरचा पहिल्याच धुण्यात जातो, म्हणून काही घरांत तो काचेवर आतून उठवतात. ही गाडी नरडाण्याच्या बाजूच्या एका गावातली. मागून ट्रकने ठोकली. पुढची काच शाबूत राहिली. मुलगी मागे बसली होती. भंगारात गाडी उचलायला नाना गेले तेव्हा तिची आई काच मागत होती. कोरी काच घेऊन ही बाई करणार काय, असं त्यांना वाटलं. हळदीचा रंग उडून गेला होता. हात दिसत नव्हता.

काच बदलून द्यायला ते तयार होते. मीनल म्हणाली, आधी त्या आईकडे जाऊ.

आग्रा रोडने नरडाणा फार लांब नाही, रस्ता उत्तम. पण त्या दिवशी धुकं होतं. मी ब्लोअर चालू ठेवला, काच स्वच्छ राहावी म्हणून. तरी मला सारखं आरशात मागे बघावंसं वाटत होतं. मागे भरताच्या वांग्यांची पिशवी होती, बाकी कोणी नव्हतं.

नानांनी सांगितलेलं घर सापडलं. बाई साधारण मीनलच्याच वयाची. मीनलने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी दोन पावलं मागेच राहिलो. बाई पदर सावरत आली, पुढच्या सीटवर बसली आणि तिने दार ओढून घेतलं. मग काचेवर हळूहळू फुंकर घालू लागली.

पंजा उमटला. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

खाली उतरली तेव्हा मीनल म्हणाली, "ताई, काच काढून देतो. तुमचीच आहे." मी मान हलवली. पैशाचा विचार तेव्हा खरंच मनात नव्हता.

बाईने गाडीच्या टपावरून हात फिरवला. "नको, ताई. फिरू द्या तिले. मनी सोनीले गाडीमा बसाले भलतं आवडे." मनी म्हणजे माझी, एवढी अहिराणी मला कळते.

तिने आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. निघताना ती मागच्या खिडकीत वाकून हसली. आमच्याकडे पाहून नव्हे.

पुण्यात येऊन महिना झाला. पुढच्या वर्षी विमा पूर्ण घेणार, तुम्हीही घ्या. काच मात्र तीच आहे. पहाटे ती धुरकटते तेव्हा आता मोठा पंजा दिसतो आणि नीट पाहिलं तर त्याच्या आत लहान. मी पुसत नाही.

परवा मंडईतून भाजी आणली. पिशव्या बऱ्याच होत्या, मी मागच्या सीटवर टाकू लागलो. मीनलने त्या सगळ्या एका बाजूला सरकवल्या आणि खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली.