बातम्या वाचणारी गौरवी नाचू लागली

पाळीच्या गौरवीला डिचोली तालुक्यात सगळे आवाजावरून ओळखत. म्हापशाच्या एका केबल वाहिनीवर ती संध्याकाळच्या बातम्या वाचायची. काठपदराची साडी, खांद्यावर नीट टाचलेला पदर, न हलणारी मान. तिचे वडील गुरुदास सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि पाळीचेच झाले. बातम्यांची वेळ झाली की आई सुमंगला शेजारणींना हाका मारून घरात बसवायची.

एकदा नळाच्या पाण्याची बातमी वाचताना गौरवीचा आवाज मधेच फाटला. पाणी पिऊन तिने पुन्हा सुरुवात केली, तर नुसती हवाच बाहेर आली. स्वरतंतूंना सूज आहे, काही महिने एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली.

घरी वेगळाच घोळ. ही बोलत नाही म्हटल्यावर लोक हिच्याशी ओरडून बोलायला लागले, जणू हिला ऐकूच येत नाही! वैतागून ती केरीला शांतामावशीकडे गेली. मावशीची किनाऱ्यावर खानावळ होती. मागच्या शेडमध्ये भाग्यलक्ष्मी नावाची बंगळूरची बाई पर्यटकांना बेली डान्स शिकवायची. पहिल्याच सकाळी तिने गौरवीला बोलावलं. गौरवीने हातानेच नको म्हटलं. भाग्यलक्ष्मीने नेमका तोच हात धरला आणि तिला रांगेत उभं केलं.

"खांदे स्थिर. फक्त कंबर," ती म्हणाली.

खांदे स्थिर ठेवणं गौरवीला चांगलंच जमत होतं, तो तर तिचा पेशाच होता. कंबर मात्र तिला जणू प्रथमच भेटत होती. आपण हे का करतोय ते तिला सांगता आलं नसतं, आवाज असता तरीही. पण दुसऱ्या दिवशी ती आपणहून गेली, आणि मग रोजच.

काही महिन्यांनी आवाज परतला, पण किंचित घोगरा. वाहिनीने तिला पडद्यामागे बातम्या लिहायला बसवलं. दर शनिवारी ती केरीच्या एका हॉटेलात नाचू लागली. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं आणि ते पाळीत घरोघर पोचलं.

आईने फोन उपडा ठेवला. "लोकांका काय सांगू गो मी?"

"माकाच कळणा नाय, आई," गौरवी म्हणाली. ते खरंच होतं. शरम वाटत नव्हती, अभिमानही वाटत नव्हता. चित्रणातली बाई आपणच का, हे ती पुन्हा पुन्हा बघत होती.

गुरुदासांनी चित्रण शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "पोट दुखणा नाय मां?"

त्याच वर्षी माघात पेडण्याच्या महिला मंडळाने तिला हळदीकुंकवाला सूत्रसंचालनासाठी बोलावलं. सोबत आईही आली. कार्यक्रम संपला तशी अध्यक्षबाईंनी दाराला कडी घातली. "आता तो नाच दाखव. आमी कोणाक सांगचो नाय."

गौरवीने आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती. मग गौरवीने पदर खोचला आणि टाळ्यांच्या ठेक्यावर नाचली. आधी हशा झाला. मग एक म्हातारी उठली आणि शेजारीण हात धरून खाली ओढत असतानाही गौरवीसारखी कंबर हलवू लागली. सुमंगला हसत होती की रडत होती, ते गौरवीला त्या गर्दीत नीट दिसलं नाही.

पुढे त्यातल्या काही बायकांसाठी तिने पेडण्यात नाचाचा वर्ग सुरू केला. वाहिनीचं काम मात्र सोडलं नाही. का सोडलं नाही, तेही तिला सांगता येत नाही.

परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुमंगलाची जुनी ओळखीची बाई भेटली. "ह्या तुजा चेडू मां?" तिने गौरवीकडे बोट दाखवून विचारलं. " काय करता?"

"आदी बातम्यो वाची," सुमंगला म्हणाली आणि अडखळली. "आता लिवता. आणि नाचता."

ती बाई मान हलवून पुढे गेली. मिरच्यांच्या ढिगापाशी सुमंगला थांबली.

"बरोबर सांगलंय मां गो?"

"माहीत नाय," गौरवी म्हणाली, आणि दोघी मिरच्या निवडायला लागल्या.