न हललेली बाई

नैराश्यात मेंदूचं काय होतं, या संशोधनासाठी नवीन पनवेलच्या आमच्या सेंटरवर माणसं एमआरआयला येतात. मशीनमध्ये हलायचं नाही, एवढीच अट. तरी कुणाचं नाक खाजतं, कुणी आवाजाने दचकतं. कामोठे गावातली ती बाई मात्र बांगड्या उतरवून, हात पोटावर ठेवून जी पडली, ती शेवटपर्यंत तशीच. चित्रं अगदी स्वच्छ आली.

ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शाबास मावशी, तुमच्याइतकं स्थिर कुणी राहत नाही."

बांगड्या एकेक करून चढवत ती म्हणाली, "घरान पन मी अशीच पडून असते. तवा सगली आलशी बोलतान."

तेव्हापासून न हलणाऱ्यांचं कौतुक मी करत नाही.