मनगटावरचा अंगठा

आज पयल्यांदाच हे माझ्या तोंडातून निघून राहिलं. बायको गेली, तिलेही सांगतलं नाई. तुमी माझे कोन? कोनी नाई — म्हनूनच सोपं जाते. ऐका, बापा. पन आधी बाजाराचं सांगतो. थेट मुद्द्यावर येनं मले अजून जमत नाई.

तवा मी अमरावतीच्या कापूस बाजारात दलाल होतो. समुद्रापल्याड कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेले जानं बंद झालं, अन् आमच्या वऱ्हाडाच्या कापसाचे दिवस आले. वलगावच्या रस्त्यानं गाड्यांची रांग लागे. ज्याले रुई अन् सरकीतलं अंतर समजत नव्हतं तोही व्यापारी झाला. अनोळखी तोंडं रोजचीच झाली होती.

त्यातच ते वर्तमानपत्र. मुंबईहून टपालानं येई, अन् शाळेचे मास्तर पानवाल्याच्या दुकानापुढं मोठ्यानं वाचत. एक दिवस त्यात आलं — उत्तरेत कुठं सत्तावनच्या बंडवाल्यांचा एक जासूस धरला, व्यापाऱ्याच्या वेषात फिरत होता, त्याचे साथीदार अजून मोकळे आहेत. झालं! बाजार कामाले लागला. बैरागी आला — जासूस. बांगड्यावाला त्याच गल्लीतून परत गेला — जासूस. एक जन म्हने, जो भाकरीसंगं ठेचा खात नाई त्याच्यावर नजर ठेवा. मास्तर म्हनत, खरा जासूस जासूसासारखा दिसनारच नाई. तर लोक मास्तरांकडंच टकमक पाहू लागले. हसू येते ना? आमालेही येत होतं. पन संध्याकाळी सगळे तिथं जमत, अन् ज्याच्यापाशी नवं काही असे त्याले पुढं बसवत. माझ्यापाशी कधी काही नसे. मी आपला मागं उभा.

त्याच हंगामात बऱ्हानपूरकडून दयाराम नावाचा एक जन आला. उतारवयाचा, हळू बोलनारा, संगं बायको. सरायीत उतरला अन् थोडाथोडा कापूस घेऊ लागला. त्याचे सौदे मीच करून देत होतो. आता आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाईत. उपरन्याखाली हातात हात घ्यायचा अन् बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती सारा बाजार उभा, पन कोनाले पत्ता नाई. बोटं अन् तळहात, बस. कापसाच्या सौद्यात मनगटाले कोनी हात लावत नाई.

दयारामनं लावला. सौदा चालू असताना त्याचा अंगठा माझ्या मनगटावर गेला अन् दाबला. मी वर पाह्यलं, तर त्याचं तोंड उतरलं. गाडीमागं नेऊन त्यानं मले खरं सांगतलं — तो हेडी होता, बैलांचा व्यापारी. बैलांच्या सौद्यात मनगट चालते. उभा जन्म त्यात गेला, हाताची सवय सुटत नव्हती. अन् हेड्याच्या शब्दावर आमच्या बाजारात कोनी कापूस देत नसे. म्हाताऱ्या बैलाचे दात घासून त्याले जवान करनारे लोक, म्हनत.

"भाऊ, आता या वयात बैलामागं फिरनं होत नाई," तो म्हनाला. "तुमी कोनाले सांगू नका."

मी व्हय म्हटलं. मनापासून म्हटलं, खरंच.

मंग त्या संध्याकाळी काय झालं? काहीच नाई. मास्तरांनी नवा अंक वाचला, त्यात जासूसाचं नाव नव्हतं, लोक हिरमुसले. अन् मी — मागं उभा असलेला मी — बोललो, त्या बऱ्हानपूरवाल्याचा हात आपल्या बाजारातला नाई.

एवढंच. यात खोटं होतं का? एक अक्षर नाई. हेडी हा शब्द तेवढा गिळला. वचन पाळलं म्हना पाहिजे तर! सगळे वळून माझ्याकडं पाहू लागले, कोनीतरी सरकून मले बसायले जागा केली, मास्तरांनी चष्मा काढला. मनगटाचा तो इशारा मी पुन्हा पुन्हा करून दाखवला. लय मजा आली, लपवत नाई.

दुसऱ्या दिवशी दयारामच्या उपरन्याखाली कोनी हात घालेना. तो उपरनं हातावर टाकून उभा, अन् लोक वळसा घालून जात. मनगटावरून निरोप पाठवते, म्हने. त्याले तारघर लागत नाई. मी तिथंच होतो. मीही हात घातला नाई.

मंग ठान्यातून शिपाई घेऊन जमादार आला. भर बाजारात विचारलं, तुझा खरा धंदा काय? आता लपवून काय करता — दयारामनं सांगून टाकलं, हेडी आहे. लोक हसले. वेषातला मानूस काहीतरी सांगनारच! जमादारानं विचारलं, ओळखनारं कोनी आहे का? दयारामनं माझ्याकडं हात केला.

"या भाऊले सारं माहीत आहे."

व्हय म्हटलं असतं तर काय गेलं असतं माझं? लोक म्हनले असते, माहीत असून लेकाच्यानं आमाले येड्यात काढलं. जीव जानार नव्हता, जमीन जानार नव्हती. पानवाल्याच्या दुकानापुढची बसायची जागा, तेवढीच.

"मले नाई काही सांगतलं यानं," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा माझ्याकडं पाह्यलं नाई. शिवीही दिली नाई. शिपायांनी त्याच्याच उपरन्यानं त्याचे हात बांधले. बायको सरायीतून धावत आली तवर गाडी अकोल्याच्या रस्त्याले लागली होती. ती मलेच विचारू लागली, कावून का त्या गावात तिले नाव माझंच माहीत होतं. मी म्हटलं, येतील ते, काळजी करू नका.

तो आला नाई. ती काही दिवस ठान्यापुढच्या लिंबाखाली बसलेली दिसे, मंग तीही दिसेना. बाजारात मात्र दयाराम वाढत गेला. कोनी म्हने, त्याले फाशी दिली. कोनी म्हने, तो कुठला राजाच होता, कैदेतून पळाला. वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल एक ओळ आली नाई, तर लोक म्हनत, पाह्यलं? सरकार दाबून राहिलं.

पुढं ती लढाई थांबली, भाव पडले, अन् मी अकोल्याले आलो. एकदा बैल घ्यायले बाजारात गेलो. हेड्यानं उपरन्याखाली माझा हात धरला अन् मनगट दाबलं. मी हात काढून घेतला अन् बैल न घेताच घरी आलो.

पन हे सांगायसाठी तुमाले बसवलं नव्हतं. खरं हे आहे — इथं अकोल्यात मी आजही तोच आहे, ज्यानं अमरावतीचा जासूस हातावरून ओळखला. लग्नाच्या मांडवात लोक मले मधात बसवतात, म्हनतात, दादाराव, ती मनगटाची गोष्ट होऊ द्या. अन् मी सांगतो. कालच्या लग्नातही सांगतली. समोरच्याचं मनगट धरतो, अंगठा दाबून दाखवतो, अन् सारा मांडव चूप होते.

दयाराम बैल विकनारा मानूस होता. मले माहीत होतं.