मॅमथ कामून मेले?

मेहकरचा रेवणप्पा चौथीपुरताच शाळेत गेला, पण मेंढराचा विषय निघाला की भल्याभल्यांनी त्याच्यापुढं गप बसावं. त्याची आणि प्रेमानंद मास्तरांची दोस्ती गावाला ठाऊक होती. रोजचा चहा आणि रोजचा वाद. म्हणून मास्तरांनी विज्ञान दिनाला शाळेत वादविवाद ठेवला, तेव्हा समोर रेवणप्पालाच उभं केलं. अंगभर लोकर असलेले ते जुने हत्ती, मॅमथ, कशानं संपले? माणसानं मारले, ही मास्तरांची बाजू. हवेनं मारले, ही रेवणप्पाची.

हवेची बाजू त्यानं मागून घेतली होती. का, ते एकट्या मास्तरांना माहीत. बारा वर्षांमागं मोबाइलच्या हौसेपायी या बहाद्दरानं कळपाची म्होरकी मेंढी आळंदच्या बाजारात खाटकाला दिली. धनगराच्या घरात म्होरकी विकत नाहीत, ती कळपातच म्हातारी होऊन मरते. ही म्हातारी खुरट्या ज्वारीत कधी पाय घालायची नाही, आणि ती थांबली की कळप थांबायचा. ती गेली आणि आठवड्यात कळप तसल्याच ज्वारीत घुसला. किराळ लागली, कोवळ्या ज्वारीचं विष. दिवस मावळायच्या आत सगळी मेंढरं आडवी.

घरी त्यानं सांगितलं, रोग आला. धाकट्या भावानं, श्रीमंतानं, नुकताच एक एडका विकत आणला होता. त्याला वाटलं, आपल्याच एडक्यानं रोग आणला. रेवणप्पानं ते तसंच वाटू दिलं. श्रीमंत कोळारच्या गोदामात पोती उचलायला गेला, तो पुन्हा मेंढराकडं वळला नाही. हे सगळं रेवणप्पानं एकदा रडत मास्तरांना सांगितलं होतं, आणि कुणाला बोलणार नाही म्हणून मास्तरांनी हातावर हात मारला होता.

त्या दिवशी श्रीमंतही सुट्टी काढून आला, भावाचं भाषण ऐकायला.

रेवणप्पा रंगात आला. "बर्फाचं काय, झटकलं की पडतंय. पाऊस लोकरीत मुरतोय. ओल्या लोकरीला वारं लागलं की जनावर गारठून जातंय. हवा फिरली, पाऊस वाढला, खायचं गवत गेलं, हत्ती मेले. त्यात माणसाचा काय दोष?"

टाळ्या पडल्या. मास्तरांचा चेहरा उतरला. आपल्याच शाळेत, आपल्याच पोरांसमोर चौथी पास गड्याकडून हार खायची! शिकलेल्या माणसाला हे फार झोंबतं, बघा.

"शिकारी सगळा कळप मारत न्हाई," मास्तर उठून म्हणाले. "वाट ठाऊक असलेली म्हातारी हत्तीण मारली की बाकीचे आपोआप मरतात. पुरावा हितंच हाय. रेवणप्पा, तू म्होरकी आळंदला विकलीस, मग तुझी मेंढरं किराळीनं मेली. व्हय का न्हाई?"

जिवाभावाच्या माणसानं केसानं रेवणप्पाचा गळा कापला, तोही एका वादासाठी. मास्तर त्याच्याकडं बघतही नव्हते. लोक टाळ्या वाजवत होते.

दगाबाज म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोवर श्रीमंत जवळ येऊन उभा राहिला होता.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "बारा वर्सं मी देवापुढं नाक घासायलोय, माझ्या एडक्यानं घर बुडवलं म्हणून. अन् तू बाजूला बसून ऐकायलास."

मास्तरांसाठी ओठावर आलेला शब्द रेवणप्पाला आपल्यालाच लागू पडला.