कतरीनच्या कपाटाचं पॉलिश

आमच्या ओट्यावर जुन्या सामानाचं पॉलिश चालायचं, तेव्हा भुसा डाळीतसुद्धा सापडायचा. किस्से पण तसेच. कितीपण झाडा, खाटेखाली दोन उरतातच! मी चौथी पास. लिहिते कमी, बोलते जास्त. बसा.

आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा, बस्त्याव सुतार. त्याच्याकडे यायचं त्या जुन्या सामानाला वरून भारी लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असायचा. विनियर म्हणतात. आत साधं लाकूड. लग्नातल्या पाहुण्यासारखं, कोट भारी आणि आत गंजी फाटकी!

*

आचोळ्याच्या फ्लॅटमधले एक मास्तर घरीच टेबल घासायला बसले. काचपेपर घेऊन घासतायत, घासतायत. एक दिवस घामाघूम होऊन आमच्या गावी, नंदाखालला आले.

"बस्त्याव, दुकानदाराने फसवलं मला! टेबलाच्या आत दुसरंच झाड निघालं!"

म्हातारा म्हणाला, "मास्तर, पापडावर रंधा मारलात तुम्ही!"

*

मग माझ्या नणंदेचं, कतरीनचं कपाट आलं. कंबरेएवढं, चार खणांचं. तिचा नवरा पेद्रू आता देवाघरी. त्याने लग्नाच्या वर्षी मुंबईच्या लिलावातून आणलेलं. पापुद्रा फुगलेला, आणि वरच्या फळीवर पांढरा गोल डाग. पेद्रू रोज सकाळी चहाचा गरम ग्लास तिथेच टेकवायचा. कतरीन जन्मभर ओरडली, "अरे, खाली बशी घे!" ती स्वतः चहाला शिवत नाय. पेज पिते.

तिच्या मुलाने, जॉनने, आचोळ्याला फ्लॅट घेतला. म्हणाला, "मम्मी, रविवारी टेम्पो येतोय. कपाट नव्यासारखं दिसलं तर येईल, नायतर भंगारवाला नेईल."

कतरीन मग रोज सकाळी आमच्या ओट्यावर हजर! नुसती बसून बघायची.

*

पापुद्रा चिकटवायला सरस लागतो. जनावराची हाडं-कातडी उकळून करतात. मी चुलीवर टोपात वितळवत होते. कतरीनने वाकून बघितलं.

"वहिनी, काय शिजतंय गो?"

"पाया. मीठ बघ जरा."

तिने बोट बुडवलं, फुंकर मारली, चाटलं. जरा विचार केला.

"मीठ कमी आहे!"

म्हातारा ओट्यावरून पडायचा बाकी होता. मग तिला कळलं. तिने मला असा चिमटा काढला, असा काढला! पण हसली बाय. कितीतरी दिवसांनी.

*

फुगलेल्या जागी ओलं फडकं टाकून गरम इस्त्री दाबायची. आतला सरस वितळतो, पापुद्रा खाली बसतो. म्हाताऱ्याने त्यासाठी माझी इस्त्री पळवली आणि न पुसता परत ठेवली. मी तीच इस्त्री त्याच्या पांढऱ्या शर्टावर फिरवली. शनिवारी चर्चमध्ये लग्न होतं ना!

म्हातारा पुढच्या बाकावर. पाठीवर इस्त्रीएवढा तपकिरी ठसा. माझ्या शेजारी कतरीन. फादर प्रार्थना सांगतायत, आणि ही माझ्या कानात विचारते,

"वहिनी, दादाचा पण पापुद्रा फुगलेला काय?"

*

रविवार उजाडला. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून म्हाताऱ्याने किती हात मारले, देव जाणे. कपाट आरशासारखं! जॉन आला, दोनदा फिरून बघितलं.

"मामा, हे तर शोरूममधलं वाटतंय! नेऊया."

म्हाताऱ्याची छाती फुगली. "वरचा डाग बघ. नावाला पण नाय!"

कतरीनने फळीवरून हात फिरवला. गोल होता तिथे हात थांबला. मग मला म्हणाली, "वहिनी, चहा टाक."

"तुला?"

"टाक गो. ग्लासात दे. कडकडीत."

मी आणला. खाली बशी पण दिली. तिने बशी माझ्या हातात परत ठेवली, आणि ग्लास कपाटावर टेकवला.

"अगं वेडे! पॉलिश ताजं आहे!" म्हातारा धावला.

तिने त्याचा हात धरला. "थांब दादा. थंड होऊ दे."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय, आणि आम्ही चौघं उभे, चहाकडे बघत.

शेवटी तिने ग्लास उचलला. वाकून बघितलं.

"हां," म्हणाली. "आता चढवा टेम्पोत."