जलतरंगातली शिंक

तुम्ही दोघं मला इंटरनेटवरून काय काय पाठवता! कधी भोपळ्यांचा वाद्यवृंद, कधी कुत्र्याचं पेटीवादन. दुपारच्या चहानंतर चष्मा पुसून मी एकेक नीट ऐकते आणि मगच उत्तर देते. न ऐकता अंगठा पाठवून द्यायची सवय मला नाही. पण गेल्या महिन्यात तुम्ही पाठवलेल्या त्या जुन्या तबकडीला माझं उत्तरच आलं नाही, म्हणून तुम्ही आजोबांना फोन करून माझी तब्येत विचारलीत. तब्येत ठणठणीत आहे. झालं ते असं.

ती साइट जगभरच्या विचित्र तबकड्या जमवणाऱ्या कुणा परदेशी माणसाची. तबकडीखाली इंग्रजीत एवढंच होतं : जलतरंग, नागपूर, वादक अज्ञात. त्याखाली ऐकणाऱ्यांचा मोठा वाद. सुरुवातीलाच दोनदा वाजतं ते तालवाद्य कोणतं? वादक लगेच का थांबतो? आणि पुन्हा वाजवायला लागल्यावर एकच स्वर चढा का लागतो? एका विद्वानाच्या मते ही लोप पावलेली स्वररचना होती, आणि मधली शांतता म्हणजे ध्यान.

ते तालवाद्य मी पुन्हा ऐकलं. ती चक्क शिंक होती. लहान मुलाची, जोडशिंक.

मी तशीच फोन घेऊन खाली धावले. खाली माझ्या जाऊबाई राहतात, तुमची मोठी आजी. माहेर नागपूरजवळच्या खाप्याचं. त्यांचे वडील जलतरंग वाजवायचे, म्हणजे चिनी मातीच्या वाट्यांत कमीजास्त पाणी भरून त्यावर काड्यांनी. नागपुरात महाल भागात कुणाच्या घरी रेकॉर्डिंगचं यंत्र आलं होतं, तेव्हा त्यांची तबकडी निघाली आणि "तिच्यात माझी शिंक आहे," हे जाऊबाई मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगतात. घरातली तबकडी त्यांच्या लहानपणीच फुटली, त्यामुळे पुरावा काही नाही. घरात कुणीही शिंकलं की तुमचे आजोबा विचारणार, "वहिनी, ही कोणत्या रागातली?" सगळे हसायचे. मीही हसायचे. जाऊबाई मात्र हसत नसत. त्यांच्याकडे वडिलांचा दुसरा आवाज नव्हता, फोटोही एकच, तोही पुसट.

जाऊबाई मेथी निवडत होत्या. आजोबा शेजारी पेपर वाचत बसले होते. मी काही न सांगता फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

दोन-चार स्वर, आणि शिंक. जाऊबाईंचा हात जुडीवरच थांबला. वाजवणंही थांबलं.

"आता पाहा वं," त्या हळूच म्हणाल्या, "बाबा पाणी पिऊन राहिले."

आणि खरंच, त्या खरखरीतून घोट घेतल्याचा आवाज आला. दोनदा ऐकूनही तो माझ्या लक्षात आला नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी समोरच होती ना! शुभ कामात शिंक आली तर थांबून घोटभर पाणी प्या लागते. तांब्या आतल्या खोलीत, अन् यंत्र तर सुरूच. मंग बाबांनी समोरची वाटी उचलली अन् लावली तोंडाले."

"जलतरंगातली?" आजोबांनी पेपर खाली ठेवला.

"नाही तं काय! पाणी कमी झालं, सूर चढला. बाबांनी मले शपथ घातली होती, हे कोणाले सांगू नको म्हणून. शिंकेचं सांगायची मनाई नव्हती, तेवढंच सांगत होती."

आजोबा हसता हसता खोकायला लागले. मग उठून त्यांनी जाऊबाईंसमोर सरळ कान धरले. "चुकलो, वहिनी. आता सांगून टाका, कोणत्या रागातली होती?"

"तुमच्या डोक्यातल्या, भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत स्वतःच हसल्या. मग तबकडी पुन्हा लावायला सांगितली. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. मेथी तशीच राहिली, रात्री आम्ही खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी त्या साइटवाल्याला सविस्तर लिहायला बसले. जाऊबाई शेजारी बसून होत्या. पाण्याच्या घोटाशी मी अडखळले. "आणि शपथ?"

"साऱ्या जगानं ऐकलं वं, आता शपथ कायची? पण अज्ञात काहून लिवलं त्यानं? तेवढं पुसायले सांग."

तुम्हाला उत्तर पाठवायचं राहिलं ते यामुळे. आधी त्याचं उत्तर येऊ द्यायचं होतं.

काल आलं. लोप पावलेल्या स्वररचनेवाले विद्वान गप्प आहेत, त्यांना बिचाऱ्यांना काही बोलू नका. साइट पुन्हा उघडून बघा. "अज्ञात" गेलं. तिथे आता तुमच्या मोठ्या आजीच्या वडिलांचं पूर्ण नाव आहे, गावासकट. आणि त्याखाली, साथीच्या वादकांची नावं देतात त्या जागी, एक ओळ जास्तीची आहे : शिंक, त्यांच्या मुलीची.