वेटिंगवरचा ग्रह

प्रभाताई निगुडकरांची सगळी नोकरी रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे गेली. गोंधळलेली माणसं खिडकीच्या पलीकडे आणि प्रभाताई अलीकडे, अशी ती व्यवस्था होती. कुठली गाडी, कुठला कोटा, पाटण्याला उतरायचं की पुढं जायचं, हे ज्याचं त्याला ठाऊक नसे. प्रभाताई दोन प्रश्नांत त्याला सरळ करत आणि पुढच्याला हाक मारत. त्यामुळे निवृत्तीनंतर गोंधळायची पाळी आपल्यावरच येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती आणली पोटच्या पोरीनं.

कृतिका खगोलशास्त्रात पीएचडी करत होती. खगोलशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? डोंगर, घुमट, मोठी दुर्बीण आणि तिला डोळा लावून बसलेली मुलगी. प्रभाताई फरीदाबादहून पहिल्यांदा तिची दिल्लीत मुनिरक्यातली भाड्याची खोली बघायला गेल्या आणि त्यांनी खिडकी उघडली, तर हातभर अंतरावर समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर कुणाचा तरी टॉवेल. गच्चीला घरमालकाचं कुलूप.

"मग तू तारे बघतेस कुठून?"

"मी बघतच नाही गं, आई. टेलिस्कोप वर स्पेसमध्ये आहे. तो डेटा पाठवतो, मी डाउनलोड करते."

"अच्छा. म्हणजे दुर्बीण दुसऱ्याची, बघणार ती, आणि तू काय करणार?"

"मी ग्राफ बघते."

प्रभाताईंनीही ग्राफ बघितला. साबुदाणा सांडावा तसे पडद्यावर ठिपकेच ठिपके. एका ताऱ्याचा उजेड किती आहे ते प्रत्येक ठिपका सांगतो म्हणे. घरी येऊन त्यांनी यजमानांना, म्हणजे दीनानाथरावांना, हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. दीनानाथरावांचा जन्म कारखान्यात गेलेला. ज्याला नटबोल्ट नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "शिकतेय ना? शिकू दे," एवढं म्हणून ते पेपरकडे वळले.

अशातच एका रविवारी घरी जेवता जेवता कृतिका सहज बोलून गेली. एका ताऱ्याचा उजेड दर नऊ दिवसांनी किंचित कमी होतो. कदाचित एखादा ग्रह त्याच्यासमोरून जात असेल.

प्रभाताईंनी 'ग्रह' तेवढं ऐकलं. 'कदाचित' भाजीत राहिलं. संध्याकाळपर्यंत सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी गेली, शेजारीपाजारी पेढे गेले, आणि मंडळाच्या अध्यक्षा चंद्रप्रभाताईंनी शाल-श्रीफळाची तयारी सुरू केली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. कृतिकाला कळलं तेव्हा ती फोनवर जवळजवळ ओरडली, "आई, यार! तो अजून नुसता कँडिडेट आहे!"

प्रभाताईंनी क्षणभर विचार केला आणि हे आपल्या भाषेत आणलं. "म्हणजे वेटिंगवर आहे म्हण ना. कन्फर्म कधी होणार?"

कृतिकाला हसू आलं. "बिल्कुल तसंच समज."

इथवर सगळं ठीक होतं. पण वेटिंगचं तिकीट हातात असलेला माणूस काय करतो? ते कन्फर्म व्हावं म्हणून देव पाण्यात घालतो. ही पोरगी मात्र आपलंच तिकीट रद्द करायच्या मागे लागलेली. "तो ग्रह नाहीच, हे सिद्ध करायचा प्रयत्न करतेय," असं ती शांतपणे सांगायची. गाईडनी सांगितलं का, तर नाही. कुणी शत्रू आहे का, तर तेही नाही. "असंच करतात, आई. आपण आपल्यालाच आधी पकडायचं." ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, आणि वर त्याला संशोधन म्हणायचं! प्रभाताईंना रागही आला आणि पोरीची काळजीही वाटली.

थंडीत ती घरी आली होती, तेव्हा एका संध्याकाळी तिनं आईला बाल्कनीत नेलं. बाहेर धुरकं दाटलेलं.

"समोरच्या सोसायटीत किती दिवे दिसतात?"

"एकच. मोठासा."

"पण घरं तर तीन-चार आहेत ना तिथं? आता तो उजेड जरा कमी झाला, तर कुणाच्या घरातला दिवा गेला हे इथून सांगशील?"

"इथून कसं सांगणार?"

"माझं तेच झालंय. स्पेस टेलिस्कोपच्या फोटोतला एक-एक चौकोन इतका मोठा आहे की त्यात शेजारचे तारेही येतात. मागे कुठंतरी दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, एक दुसऱ्याला झाकत असेल, आणि मी नाव माझ्या ताऱ्याचं घेत असेन. उजेड कमी होतो बरोबर त्या वेळी जमिनीवरच्या एका मोठ्या दुर्बिणीतून बघायला हवं. तिच्यात हे तारे वेगळे दिसतात."

त्या दुर्बिणीवर वेळ मिळायला अर्ज करावा लागे. वेळ मिळाला तर त्या रात्री ढग आले. पुन्हा अर्ज, पुन्हा ढग.

इकडे प्रभाताईंची पंचाईत अशी की देवापुढे बसल्यावर मागायचं काय तेच कळेना. "ग्रह खरा निघू दे," म्हणावं तर पोरीची तपासणी खोटी पडते. "तिच्या तपासणीला यश दे," म्हणावं तर ग्रह जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी "तुला योग्य वाटेल ते कर," असं म्हणून त्या उठत, आणि हे सांगायला निरांजन कशाला लावलं असं त्यांचं त्यांनाच वाटे.

खरं सांगायचं तर त्यांचा त्या ग्रहावर जीव जडला होता. कपडे वाळत घालताना, दूध तापवताना तो मनात येई. नऊ दिवसांचं वर्ष! म्हणजे तिथं वर्षाचं लोणचं मुरायच्या आत वर्ष संपणार. असलं काही कुणाला सांगायची सोय नव्हती, पण कृतिकाचा फोन आला की त्या आधी पोरीची खुशाली विचारत आणि मग त्याची.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी मेसेज आला. 'आई, निकाल आला. ग्रह नाहीये. मागच्या दोन ताऱ्यांचं काम निघालं. सगळे म्हणतायत गुड कॅच. पेपर होईल याचा.' आणि पुढे एक हसरा चेहरा.

प्रभाताईंनी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. "अहो, हे चांगलं झालं की वाईट?"

दीनानाथरावांनी चष्मा लावून पाहिलं. "हसतेय म्हणजे चांगलंच असणार."

प्रभाताईंनी 'अभिनंदन' लिहिलं आणि पुसलं. 'वाईट वाटलं' लिहिलं, तेही पुसलं. मग फोन केला. कृतिका भराभरा बोलत होती. "मी मस्त आहे, आई. सायन्स असंच असतं. टेन्शन नको घेऊ." तो फोन ठेवला तेवढ्यात चंद्रप्रभाताईंचा फोन आला. सत्काराची तारीख ठरवायची होती.

"ग्रह नव्हता तो," प्रभाताई म्हणाल्या.

"अगं बाई! म्हणजे चुकलं तिचं?"

"नाही हो. नव्हता हे तिनंच शोधून काढलं."

"मग आपण सत्कार नेमका कशाचा करायचा?"

खिडकीपलीकडची माणसं कशी नुसती बघत उभी राहायची ते प्रभाताईंना आता कळलं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. डोकं चालत नव्हतं, पण हात चालत होते. भात चढवला, बेसन कालवलं, लसणाची फोडणी दिली. वासानं दीनानाथराव दारात आले. पिठलं, भात आणि ओट्यावर काढून ठेवलेला तो मोठा डबा बघून ते चरकले. ज्या घरी माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. अशा घरी न्यायलाच प्रभाताई हा डबा काढत.

"अगं, कोण गेलं?"

प्रभाताईंनी डब्याकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या, आणि झाकण लावलं.

मेट्रोत बसल्यावर त्यांना लाज वाटायला लागली. पोरगी हसेल. म्हणेल, आई खुळावली. कालकाजीला गाडी बदलताना परत फिरावं असंही वाटलं. पण मुनिरका आलं, गल्ली आली, जिना आला, आणि कृतिकानं दार उघडलं.

ती खरोखरच हसत होती. पडद्यावर नव्या कुठल्या तरी ताऱ्याचे ठिपके होते. "आई? तू कशाला आलीस एवढ्या लांब? मी ठीक आहे म्हटलं ना."

प्रभाताईंनी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. कृतिकानं आत डोकावून पाहिलं.

"पिठलं-भात? आजोबा गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी आणला होता, तसा?"

"मला कळलंच नाही गं काय करावं. चुकलं असेल माझं. नको असेल तर—"

"दोन वर्षं, आई," कृतिका म्हणाली, आणि तिचं हसू गेलं. "रोज उठल्यावर मी आधी त्याला बघायचे. सगळे म्हणाले गुड कॅच. गाईड म्हणाले, पुढचा तारा घे. मलाही वाटलं, रडायचं कशासाठी? नव्हताच ना तो." मग ती लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली. प्रभाताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. काय गेलं हे त्यांना अजूनही नीट समजलं नव्हतं, पण त्याही रडल्या.

मग दोघी डब्यातच जेवल्या. कृतिकानं पिठलं दोनदा घेतलं. तिचे डोळे जरा कोरडे झाल्यावर प्रभाताईंनी, अशा घरी बसायला गेल्यावर विचारतात तसं, हळूच विचारलं, "कसा होता गं?"

कृतिकानं लॅपटॉप मिटला.

"मोठा होता," ती म्हणाली. "आपल्या पृथ्वीच्या दुप्पट. आणि खूप गरम होता, आई."